पंजा उघडायला लागलेला वेळ

डबा गार होता. एवढंच झालं. सकाळी आठ वाजता हजेरीवर सही करून, हात धुऊन फरहाना सिस्टर तीन नंबरच्या कॉटपाशी आली. लॉकरवर पाण्याची बाटली होती, खजुराचं पाकीट, मोबाइलचा चार्जर, आणि झाकण काढून ठेवलेला एक स्टीलचा डबा. बीपीचं मशीन ठेवायला जागा हवी म्हणून तिनं डबा सरकवला आणि बोटं क्षणभर तिथंच राहिली. गार. आत पाण्यात, मेलेल्या पाखराच्या पायासारखं आवळलेलं, काटक्यांचं एक करडं झुडूप. मरियमचा पंजा. तो तिनं ओळखला यात नवल नव्हतं. रौशनबी दाईची नात तो ओळखणार नाही तर कोण ओळखणार. नवल वाटलं ते तो गार असल्याचं. म्हणजे एवढी वर्षं, नर्सिंगची साडेतीन आणि नोकरीची बारा धरून, आपल्या डोक्यात अशी पक्की समजूत बसलेली होती की मरियमचा पंजा गरम असतो. आपला आपण. चिमणी मुठीत धरली की गरम लागते तसा. ही समजूत तिनं कधी बाहेर काढून उजेडात पाहिली नव्हती. पाहिली असती तर हसली असती. अरबस्तानच्या वाळवंटातली ती एक वनस्पती. हाजी लोक येताना घेऊन येतात. कळा सुरू झाल्या की पाण्यात ठेवतात. पंजा जसजसा उघडतो तसतशी बाईची वाट उघडते असं बायका मानतात आणि त्यातलं घोट-घोट पाणी तिला पाजतात. तो गरम असायचं काही कारण नाही. आणि तरीही बोटांना फसवलं गेल्यासारखं वाटत होतं.

वेळ आठ. वाट चार सेंटिमीटर. बाळाचे ठोके एकशे चाळीस. डबा गार. यातलं शेवटचं तिनं कागदावर लिहिलं नाही.

कॉटवर अर्शिया होती, बावीस वर्षांची, पहिलटकरीण. रीत म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरी, उमरखेडला. पण कळा पंधरा दिवस आधीच सुरू झाल्या आणि सगळी जोखीम सासूच्या पदरात पडली. सासू खैरूनबी कॉटच्या पायथ्याशी स्टुलावर बसून अर्शियाच्या पावलांवर तेलाचा हात फिरवत होत्या. नवरा जमीर बाहेर व्हरांड्यात. त्याचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान दारव्ह्याच्या बसस्टँडजवळच होतं आणि नखांतलं काळं ऑइल आज त्यानं घासून घासून काढलेलं दिसत होतं. खैरूनबी दवाखान्यात मराठी बोलत आणि घाबरल्या की हिंदीवर येत. "तुमी रौशनबीच्या नातीन ना?" त्यांनी विचारलं. "नाकावरून वयखलं मी. पाह्य वं अर्शिया, रौशनबीचंच नाक हाय." फरहाना म्हणाली, हो खाला. "मंग हा पंजा तुमचाच हाय," डब्याकडे बोट करून खैरूनबी म्हणाल्या. "रौशनबीच्या अब्बानं आनलता, जहाजानं हज केलता तवाचा. रौशनबी गेल्या त्याच्या आधी आमच्या गल्लीत एक बाळंतपन झालतं, तवा आला तो आमच्याकडंच राह्यला. मागायले कोनी आलंच नाही." यात टोमणा होता की नाही ते कळलं नाही. मागायला कोण येणार होतं? नानीची एकुलती नात सरकारी नोकरीत लागली होती आणि पंजावर तिचा विश्वास नव्हता.

तिनं अर्शियाच्या पोटावर हात ठेवून कळ मोजली. चाळीस सेकंद. हात मोजत होता आणि डोकं भलतीकडेच होतं. तो गरम होता, हे मला कुठून माहीत? कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगितलेलं असतं तर शब्द आठवले असते. आठवत होतं ते बोट. उजव्या हाताची तर्जनी, पहिलं पेर. नानीच्या गल्लीतलं एक घर, विटा लावून उंच केलेला पलंग, पलंगाला आडवं लावलेलं फुलांच्या छापाचं लुगडं, आणि लुगड्याच्या आडून लोंबणारा एक हात. हिरव्या काचेच्या बांगड्या. फरहाना आठ वर्षांची होती आणि तिथं असायचं काही कारण नव्हतं, पण अम्मी शिवणाच्या क्लासला गेली की ती नानीच्या मागं मागं सगळीकडे जायची. जमिनीवर जर्मनचा कटोरा, कटोऱ्यात पंजा. तो उघडला का ते बघायला तिनं बोट घातलं आणि किंचाळली. चटका. नानीनं पाठीत धपाटा घातला, बोट स्वतःच्या तोंडात धरलं आणि म्हणाली, "मरियमबीच्या हाताले हात लावतं का कोनी?" तेव्हापासून तो गरम. आठ वर्षांच्या पोरीनं त्यातून काढला तो निष्कर्ष अगदी बरोबर होता: पवित्र वस्तू गरम असते. पुढं ती शरीरशास्त्र शिकली, सूक्ष्मजंतू शिकली, पाच प्रकारची भांडी निर्जंतुक करायला शिकली, आणि हा निष्कर्ष तिथंच खाली पडून राहिला, ट्रंकेच्या तळाशी अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्रासारखा.

वेळ दहा. कळा दहा मिनिटांत तीन. ठोके एकशे छत्तीस. गर्भाचं पाणी स्वच्छ. पंजाची वरची दोन बोटं सुटलेली, बाकीची मिटलेली. बाई ओठ चावते, ओरडत नाही.

अर्शिया ओरडत नव्हती याचीच फरहानाला जास्त काळजी वाटायची. ज्या ओरडतात त्या निदान आपल्याच बाजूला असतात. "ओरड की," ती म्हणाली. "इथं कोण ऐकतंय." अर्शियानं डोळे उघडले. "अम्मी बसल्या हायत ना," ती पुटपुटली. मग कळ आली, गेली, आणि ती म्हणाली, "मॅडम, ते पानी लय गार हाय. प्यायलं की दातं ठनकते. माठातलं हाय." खैरूनबी पावलं चोळता चोळता म्हणाल्या, "गारच चांगलं. घाई कायले? जे होईल ते आपल्या टायमानं होईल." ते वाक्य ऐकून फरहानाला अंगावर थेंब पडल्यासारखं झालं. घाई कायले. हे नानीचं वाक्य होतं. ते ती कुठं म्हणायची, कुणाला म्हणायची? वॉर्डात दुसऱ्या एकीची तपासणी करताना, औषधाच्या कपाटाची किल्ली शोधताना ते वाक्य तिच्या मागं फिरत राहिलं, आणि साडेदहाच्या सुमाराला, लीलाबाई फरशी पुसताना फिनेलचा वास आला तेव्हा सापडलं. एक कंपाउंडर होता. चामड्याची पेटी घेऊन घरोघर फिरायचा, कळा वाढवायची सुई टोचायचा. पहिलटकरीण दोन तास कण्हली की घरची माणसं त्याला बोलावून आणत. तो ओट्यावर बसून चहा प्यायचा, आणि आत नानी पंजाचा कटोरा उचलून माठाच्या खाली, ओल्या वाळूत नेऊन ठेवायची. बाहेर येऊन म्हणायची, "पंजा अजून मुठीत हाय. घाई कायले? मुठीत असताना जोर केला तं फाटते सगळं." कंपाउंडर दोन चहा पिऊन निघून जायचा. माठाखाली. ओल्या वाळूत. फरहानानं किल्ली कपाटाला लावली आणि फिरवायची विसरली.

नानीनं हात धुताना घड्याळ कधी पाहिलं नाही. गावोगावच्या दायांना सरकारनं बोलावून शिकवलं होतं ते नव्वदीच्या दशकात. नानीला तिथून पत्र्याची एक पेटी मिळाली, त्यात साबण, ब्लेड, दोरा, प्लॅस्टिकचा कागद. शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं होतं, हात दोन मिनिटं धुवायचे. दोन मिनिटं म्हणजे किती, नानीनं विचारलं असेल, आणि मग स्वतःच ठरवलं असेल: बिस्मिल्ला म्हणून सुरुवात, कुराणातलं कुलहुवल्ला पाच वेळा, सावकाश, कोपरापर्यंत. फरहाना अजून तसेच धुते. नर्सिंगच्या परीक्षेत हात धुण्यासाठी तिला पैकीच्या पैकी गुण होते आणि परीक्षक बाईंनी विचारलं होतं, ओठ कशाला हलवतेस? पुढं सरकारनंच दायांना थांबवलं. बाळंतपणं दवाखान्यात व्हायची ठरली आणि ते बरोबरच होतं. किती बाया वाचल्या ते फरहानाला रजिस्टरं माहीत असल्यामुळं माहीत होतं. नानीनंही तक्रार केली नाही. पेटीत सुपारी ठेवायला लागली. आणि पंजा? पंजाबद्दल ना सरकारनं कधी काही विचारलं, ना फरहानानं. नाही, एकदा विचारायची वेळ आली होती. ते आठवायला ती आता तयार नव्हती. नंतर.

वेळ बारा. वाट सहा. चार तासांत दोनच.

कागदावर दोन तिरक्या रेषा आधीच छापलेल्या असतात. बाईची रेघ पहिल्या तिरक्या रेषेच्या डाव्या बाजूला राहिली तर सगळं ठीक. ती ओलांडून उजवीकडे गेली तर सावध व्हा, मोठ्या दवाखान्याचा विचार करा. दुसरीही गाठली तर विचाराची वेळ गेली, काहीतरी करा. अर्शियाची रेघ पहिलीच्या उजवीकडे निघून, झोपलेल्या माणसासारखी आडवी होत चालली होती. डॉक्टर दीपा मॅडमनी हातमोजे काढता काढता सांगितलं, "डोकं वरच आहे अजून. मला नाही वाटत हे इथं होईल. आज भूल देणारे डॉक्टर नाहीत. बाळ चांगलं आहे तोवर यवतमाळला पाठवू या. नातेवाइकांना बोलाव." जमीर आत आला, भिंतीला टेकून उभा राहिला, सगळं ऐकलं आणि आईकडे बघितलं. खैरूनबींनी डब्याकडे बघितलं. "पंजा खुलला नाही अजून," त्या म्हणाल्या. दीपा मॅडमनी फरहानाकडे बघितलं. असं सगळ्यांचं बघणं एकदा गोल फिरून आलं.

"काकू, ते झाड आहे," मॅडम शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाल्या.

"झाडच हाय. मी कधी म्हनलं मानूस हाय?"

"जमीरभाई, तुम्ही सांगा."

जमीर म्हणाला, "मॅडम, अब्बाले फोन केला तं थे म्हनते, हे सगळं बिदअत हाय, किताबात नाई लिव्हलेलं, पन बाळंतपनाचं खैरूनले विचार. अम्मी म्हनते पंजा. तुमी म्हनता यवतमाळ. मी मेकॅनिक आदमी, मले एकच सांगा, कोनता नट खोलू?" हे बोलताना तो हसला आणि घासलेली नखं पुन्हा अंगठ्यानं कोरायला लागला.

"अन् नेलं तिथं तं काय करतीन?" खैरूनबींचा आवाज चढला. "चिरतीन. मले चिरलं तसं. उसके बाद क्या हुआ? दूसरा बच्चा नहीं हुआ. सारी जिंदगी आपरेशनवाली बोले मेरे को. पराई बेटी है ये. उसकी माँ को मैं क्या बोलूँ? मोहल्ले की औरतें पूछेंगी, पंजा रखा था? खुला था? खुलने से पहलेच ले गई? अर्धा घंटा द्या. पंजा खुलू द्या. मंग बोलू."

दीपा मॅडमनी फरहानाला दाराबाहेर नेलं. बाई सज्ञान आहे, तिची सही पुरते, त्या म्हणाल्या. तू तिला एकटीला विचार. सासू चहाला खाली गेल्यावर फरहानानं अर्शियाच्या उशाशी वाकून विचारलं. अर्शियानं सगळं ऐकलेलं होतं. "मले जायचं हाय मॅडम," ती म्हणाली. "मले काय समजत नाही का? सकाळपासून तुमचे तोंडं पाहून राह्यली मी. द्या, सही करतो. पन मंग मी त्याच घरात जाईन ना? उद्या बाळाले काई झालं, सर्दी जरी झाली, तं सांगतीन, पंजाच्या पहिले गेली. माझ्या आईले फोन करू करू सांगतीन." तिनं सही केली, अक्षर कळेमुळं उतरत गेलं. मग फरहानाचं मनगट धरून म्हणाली, "अम्मीले होय म्हनू द्या. तुमचे हात जोडतो. मी जाईन, पन त्याइनं मले पाठवलं असं होऊ द्या." सही कागदावर होती. गाडीला फोन करता येत होता. आणि तरी फरहानाला दिसत होतं की हिला वाचवायचं म्हणजे नुसतं चाळीस किलोमीटरवर पोचवायचं नाही.

लॉकरवर, डब्याच्या कडेशी, पंजाच्या दोन बारीक काटक्या तुटून पडल्या होत्या, आवळलेल्या, बाळाच्या करंगळीएवढ्या. तिनं त्या चिमटीत उचलल्या. का, ते तिला सांगता आलं नसतं. नर्सच्या खोलीत तिनं दोन ट्रे घेतले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात विजेच्या किटलीतलं उकळतं. एकात एक काटकी, दुसऱ्यात एक. मनगटावरचं घड्याळ बघितलं. नळाच्या पाण्यातली काटकी तशीच पडून राहिली. उकळत्या पाण्यातली पहिल्या मिनिटाला हलली, जिवंत वस्तू अंग हलवते तशी, तिसऱ्याला कोपर सरळ केलं, सहाव्याला बोटं पसरली. लीलाबाई बादली घेऊन आत आली आणि ट्रेमध्ये डोकावली. ती वीस वर्षांपासून वॉर्डात होती आणि सिस्टर लोकांना ती काहीही बोलू शकत होती. "बाप्पा! हे काय शिजवून राह्यले सिस्टर? जेवाचा डबा नाई आनला काय?"

"लीलाबाई, हे पाहा. हे थंड, हे गरम."

"तं? हरभरे बी गरम पान्यात लवकर फुगते. त्याच्यात काय हाय पाह्यासारखं?"

त्याच्यात काय हाय. फरहाना ट्रेवर वाकूनच राहिली. जर्मनचा कटोरा जमिनीवर होता, आणि बाजूला चूल होती, आणि चुलीवर ब्लेड अन् दोरा उकळायचं पातेलं होतं, दायांच्या शिकवणीत सांगितलेलं, आणि पातेल्यात ओगराळं होतं. आता तिला ओगराळंही दिसलं, दांडा वाकलेला, आणि नानीची पाठ. पाठ मध्ये होती म्हणून कटोरा दिसत नव्हता. मग तिनं बोट घातलं. मग चटका. मग धपाटा. आणि मग नानी उठून दारात गेली आणि बाहेरच्या पुरुषांना ऐकू जाईल अशा आवाजात, मशिदीच्या भोंग्यासारख्या आवाजात म्हणाली, "पंजा पूरा खुल गया. बच्चा नहीं आया. अब मेरा काम नहीं. जीप बुलाओ." आणि जीप आली. कुणी वाद घातला नाही. वाद कशाशी घालणार? दाई हरली नव्हती, सून हरली नव्हती, सासूनं घाई केली नव्हती. पंजा पूर्ण उघडला होता. मरियमबीनं तिच्या बाजूचं काम केलं होतं. आता राहिलं ते यवतमाळचं. गार पाण्यानं नानी माणसांना थांबवायची आणि गरम पाण्यानं पळवायची. तिच्याकडे घड्याळ नव्हतं आणि हुकूम द्यायचा अधिकार तर कधीच नव्हता. एक वाळकं झुडूप होतं आणि माठ आणि चूल.

खोटं होतं का ते? पाण्यानंच उघडला. उकळतं पाणी हेही पाणीच. आणि नानीचा विश्वास नव्हता असंही म्हणता येत नव्हतं. पंजा हातात घेताना ती डोक्यावर पदर घ्यायची, एकटी असली तरी. ही दोन्ही एका बाईत कशी राहत होती? फरहानाला या क्षणी सगळ्यात जास्त हेच जाणून घ्यायचं होतं, आणि जिला विचारायचं ती सहा वर्षांपूर्वी गेली होती. तिनं किटली पुन्हा लावली.

पण आधी ती कागद घेऊन व्हरांड्यात गेली. खैरूनबी वर येऊन जिन्याजवळच्या बाकावर बसल्या होत्या, शेजारी चहाचा थर्मास. गरम पाणी ओतण्याआधी एकदा खरं सांगून पाहावं असं फरहानाला वाटलं. नानीनं ते कधी करून पाहिलं होतं की नाही कोण जाणे. कदाचित करून थकली असेल. "खाला, हे वाचायचं नाही, नुसतं पाहा," तिनं कागद मांडीवर ठेवला. "ही पहिली तिरपी रेघ. बाई या बाजूला पाहिजे. ही अर्शिया. इथं आठ वाजता, इथं बारा. आता ती या दुसऱ्या रेघेकडे चालली. दोन वाजता तिथं पोचेल. तिथं पोचली की बाळ दमायला लागतं."

खैरूनबींनी तेलकट बोट रेघेवरून फिरवलं. कागदावर डाग पडला. "अन् ही रेघ कोनं ठरवली?"

"हजारो बायांची बाळंतपणं बघून ठरवली."

"खुलायले किती टाइम लागला पाह्यजे, अन् किती लागला." त्यांनी बोट पहिल्या रेघेवरून दुसऱ्या रेघेवर नेलं. "म्हनजे तुमचा बी पंजाच हाय हा."

फरहानाला हसू आलं, कारण ते खरं होतं. खैरूनबींनी विचारलं, "ठोके?" एकशे अठ्ठावीस, ती म्हणाली. सकाळी? एकशे चाळीस. खैरूनबींनी मान हलवली, थर्मास उचलला आणि परत जिना उतरून खाली गेल्या. चहावाल्याकडे. या बाईला आता चहा सुचतो, असं फरहानाच्या मनात येऊन गेलं, आणि दुसऱ्या बाजूला एका बाईला टाके घालायचे राहिले होते म्हणून ती तिकडे गेली.

वेळ एक दहा. ठोके एकशे चोवीस. हातात झाकलेलं भांडं, उकळतं पाणी, फडक्यात धरलेलं.

कॉटपाशी खैरूनबी उभ्या होत्या, पाठ दाराकडे. फरहाना बाजूनं लॉकरपाशी गेली. मनात तिनं वाक्य तयार ठेवलं होतं: खाला, पाणी बदलते, हे शिळं झालं. तिनं डबा ओढायला हात लावला आणि झटकन मागं घेतला.

चटका. तर्जनी, पहिलं पेर.

डब्यातून वाफ येत होती. आणि वाफेला आल्याचा वास होता. आत पंजा पूर्ण उघडला होता, एकेक काटकी सुटी, बोटं पसरलेली, कुणी काही मागत असावं किंवा देत असावं तसा. शेजारी थर्मासचं झाकण, आणि तळाशी थोडीशी चहापत्ती.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. फरहानानं बोट तोंडात घातलं होतं हे तिला नंतर कळलं. खैरूनबींची नजर त्या बोटावर गेली आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. "तवा बी तुमीच होत्या ना?" त्या अगदी हळू म्हणाल्या. "किंचाळल्या होत्या. जमीरच्या टायमाले पलंगावर मीच होती. लुगड्याच्या आडून सगळं दिसे मले. डोये तं उघडेच होते माहे. रौशनबीनं ओगराळं भरून घातलं, मी पाह्यलं. सत्तावीस वर्सं झाली; कोनाले बोलली नाही. जमीरच्या अब्बाले बी नाही." मग त्यांनी पदर डोक्यावर घेतला, डब्यातलं चमचाभर पाणी बशीत ओतून फुंकर घालून अर्शियाच्या ओठाला लावलं, आणि दाराकडे वळून, व्हरांड्यात बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पंजा पूरा खुल गया! बच्चा नहीं आया. जमीर, गाडी बुला. आन् उमरखेडले फोन लाव, मी बोलतो तिच्या आईसंग."

अर्शियानं डोळे मिटले आणि त्या दिवशी पहिल्यांदा ओरडली.

गाडी वीस मिनिटांत आली. स्ट्रेचर निघाला, कागद पाकिटात गेला, तेलाच्या डागासकट. फोनवर खैरूनबी उमरखेडच्या विहीणबाईंना सांगत होत्या, आप फिकर नको करो, पंजा खुलने तक रुके हम, एक मिनट पहले नहीं निकले. गाडीत चढताना त्या मागं वळल्या आणि डबा फरहानाच्या हातात दिला, पाणी अर्धं सांडलेलं. "तुमच्या घरचा हाय, तुमीच ठेवा. सावलीत सुकवजा. उन्हात ठेवला तं तडकते." गाडीचं दार लागलं.

दोनला ड्यूटी संपली तरी फरहाना थांबली. साडेचारला जमीरचा फोन आला. मुलगी. ऑपरेशन. दोघी चांगल्या. "कानात अजान देली सिस्टर," तो म्हणाला, "पन अर्ध्यात विसरलो. घाबरलो. मंग अब्बानं फोनवरून पुरी केली, स्पीकर लावून. चालते ना तसं?" ती म्हणाली, चालतं. तिला ते माहीत नव्हतं.

मग ती स्टुलावर बसली आणि जे नंतर आठवायचं म्हणून ठेवलं होतं ते आलं. यवतमाळ, खासगी दवाखाना, तिचं स्वतःचं पहिलं बाळंतपण. तिनं आणि नवऱ्यानं आधीच डॉक्टर ठरवलेला, तारीख ठरवलेली, पिशवी भरलेली. नानी एसटीनं एकटी आली होती, हातात हाच डबा. फरहाना म्हणाली होती, "नानी, इथं हे चालत नाही, लोक हसतील." नानी म्हणाली, बरं. बाहेरच्या बाकावर बसली. फरहानाला ऑपरेशनला नेताना स्ट्रेचर बाकापाशी थांबला, तेव्हा नानी उठली, घाईत डबा हातात हलला आणि आतून आवाज आला. खुळखुळ. लहान मुलाच्या खेळण्यासारखा. तेव्हा तिला नुसती शरम वाटली होती, या आवाजाची, डब्याची, नानीच्या एसटीच्या प्रवासानं चुरगळलेल्या पदराची. ओला पंजा वाजत नाही. कोरडाच वाजतो. बाकाशेजारी पाण्याचा फिल्टर होता, गार आणि गरम दोन्ही तोट्यांचा, आणि नानीनं त्यात पाणी घेतलं नव्हतं. थांबवायचं कुणाला नव्हतं, पळवायचं कुणाला नव्हतं. नात आधीच पोचलेली होती. मग डबा आणला कशाला? ते मात्र फरहानाला काही केल्या उलगडेना, आणि उलगडलं नाही म्हणून वाईटही वाटेना; ती ते नुसतं हातात धरून बघत राहिली.

पाच वाजता तिनं डब्यातलं उरलेलं पाणी खिडकीतून कडुनिंबाच्या मुळाशी ओतलं, पंजा आत तसाच ठेवला, झाकण लावलं आणि कानाशी धरून हलवून बघितला. आवाज आला नाही. वाजायला अजून दोन दिवस लागतील.